मदत हवी आहे: क्लॅमिडिया. मला आठवडाभर डॉक्सी, बायकोला एकच डोस अझिथ्रो, असं का?

नमस्कार. खातं नवीन आहे, कारण उघड आहे.

बायकोला पाचवा महिना आहे. नेहमीच्या तपासण्यांत तिचा क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग) पॉझिटिव्ह आला. मग माझी लघवी तपासली, तीही पॉझिटिव्ह. गनोरिया, म्हणजे तसाच दुसरा संसर्ग, दोघांनाही नाही. त्रास म्हणाल तर काडीचा नाही. कुणाकडून कुणाला आला यावर घरात बोलून झालंय, कृपया इथे नको.

मला डॉक्सीसायक्लिन 100 मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, 7 दिवस. तिला अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, म्हणजे 500 च्या दोन गोळ्या एकदम, संपलं. जंतू एकच ना? मग तिला हलकं औषध दिलंय, की मला उगाच जास्त? डॉक्टर आता सोमवारी भेटतील, तोवर डोकं भणभणतंय.

प्रतिसाद १

औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, म्हणून लिहिते.

हलकं नाही, तिला चालेल असं दिलंय. डॉक्सी टेट्रासायक्लिन नावाच्या अँटिबायोटिक्सच्या कुळातलं. पोटातल्या बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून चौथ्या महिन्यापासून पुढे ते टाळतात. गरोदर बाईला अझिथ्रोच पहिलं.

बाकीच्यांना पूर्वी दोन्हींपैकी कुठलंही देत. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) 2021 च्या सूचनांत डॉक्सीला पहिलं स्थान दिलं आणि अझिथ्रो पर्यायात टाकलं. लघवीच्या जागेच्या संसर्गात फरक थोडाच आहे. मोठी तफावत गुदमार्गात दिसते: 2021 साली छापून आलेल्या, पुरुषांवरच्या एका चाचणीत डॉक्सीने सुमारे 97 टक्के लोकांचा जंतू गेला, अझिथ्रोने सुमारे 76 टक्के. एका डोसाची सोय मोठी आहे, नाकारत नाही, पण तुम्ही 7 दिवस गोळ्या नीट घेणार असाल तर डॉक्सीच बरं.

डॉक्सी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जी जळजळ होते ती विसरत नाही माणूस. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, अँटासिड हे सोबत नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने त्वचा लवकर भाजते, तेही सांभाळा.

धागाकर्ता

मनापासून आभार. म्हणजे तिने गोळ्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी ती मोकळी?

प्रतिसाद १

नाही हो! एकच डोस असला तरी औषध शरीरात काही दिवस काम करत राहतं. तिच्या डोसानंतर 7 दिवस जाऊ द्या आणि तुमचा कोर्स पुरा होऊ द्या, तोवर संबंध नकोत, नाहीतर एकमेकांना परत द्याल. गेल्या दोन महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही कळवायला हवं. हे दोघांनाही लागू, दोष कुणालाच देत नाही.

आणि घाईने पुन्हा तपासणी करू नका. मेलेल्या जंतूंचे अवशेषही चाचणीत पॉझिटिव्ह दिसतात. गरोदर असल्याने तिची साधारण 4 आठवड्यांनी होईल, मग 3 महिन्यांनी दोघांची.

प्रतिसाद २

एक भर. तिला उलट्यांचा त्रास असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. डोस घेतल्यावर लगेच उलटून पडला तर पुन्हा घ्यावा लागू शकतो, पण ते त्यांनाच ठरवू द्या, मनाने दुसरा डोस देऊ नका.

धागाकर्ता

उलट्या आहेतच, सकाळी जास्त. मग संध्याकाळी जेवणानंतर घेतल्या तर चालेल का, ते विचारून घेतो.