पाच तारांचा बॅन्जो: आज बसलेला रोल उद्या का सुटतो?

चंद्रकोर:
नमस्कार. मी अमेरिकी पद्धतीचा पाच तारांचा बॅन्जो शिकत आहे. आपल्याकडच्या मिरवणुकीतला कळांचा बेंजो नव्हे. सध्या अमेरिकी बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या शैलीतले रोल चालू आहेत, म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी एकेक तार छेडत आठ स्वरांची अखंड साखळी वाजवायची. एकच रोल बराच वेळ सलग घोटला की सफाईने येतो, पण दुसऱ्या दिवशी बोटे पुन्हा अडखळतात. याला मेंदूच्या कामकाजात काही कारण आहे का, आणि त्यानुसार रियाजाची मांडणी बदलता येईल का?

सूरपारंबी:
कारण आहे, आणि ते चांगले अभ्यासले गेले आहे. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली काहींना एकेक करून, तर काहींना सरमिसळ करून शिकवल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मात्र सरमिसळ करणारा गट सरस ठरला. एकच रोल सलग वाजवताना हालचालीचा आराखडा मेंदूत तयारच असतो, तर मध्ये दुसरा रोल आला की तो नव्याने उभा करावा लागतो, आणि ही उभारणीच दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. तेव्हा तीन रोल घेऊन ते थोडे थोडे आलटून पालटून वाजवावेत. रियाज खडबडीत वाटेल, त्याने खचू नये.

झोपेकडेही दुर्लक्ष नको. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या 2002 मधील प्रयोगात ठरावीक क्रमाने बोटे आपटण्याचा वेग, जादा सराव न करता, रात्रीच्या झोपेनंतर सुमारे 20 टक्क्यांनी वाढला होता. तितकाच वेळ जागे राहणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही.

रानवारा:
सरमिसळीचा सल्ला योग्य आहे, पण माझ्या मते तो अगदी पहिल्या दिवसांसाठी नाही. बोटांत नख्या घालून तार नेमकी सापडेपर्यंत एकच रोल अतिशय संथ वाजवावा, कारण चुकीची हालचालही तितक्याच निष्ठेने पक्की होते. अंगठ्याच्या आलटत्या रोलमध्ये तारांचा क्रम 3-2-5-1, 4-2-5-1 असा असतो आणि अंगठा 3, 5, 4, 5 या तारांवर पडतो. आधी फक्त अंगठ्याचे हे चार आघात पक्के करावेत, मग उरलेली बोटे त्यांच्यामध्ये बसवावीत. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे जाणाऱ्या रोलमध्ये आठ आघातांची विभागणी 3-3-2 अशी होते. तबल्याचा परिचय असल्यास ‘तकिट तकिट तक’ म्हणत वाजवून पाहा. आठ सुट्या आघातांऐवजी तीन गट लक्षात ठेवावे लागतात, त्यामुळे स्मृतीवरचा ताण बराच कमी होतो.

चंद्रकोर:
मनापासून आभार. माझा रोजचा बराच वेळ प्रवासात जातो. वाद्य हाती नसताना केलेल्या मनातल्या रियाजाचा उपयोग होतो का?

सूरपारंबी:
होतो. आल्व्हारो पास्कुआल-लिओने यांच्या 1995 मधील प्रयोगात, पियानोवरील पाच बोटांचा पाठ केवळ मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांचे नियंत्रण करणारा भाग विस्तारलेला आढळला. अचूकता मात्र प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकी नव्हती. त्यामुळे प्रवासात ‘तकिट तकिट तक’ मनात म्हणत प्रत्येक आघाताला बोट आणि तार दोन्ही आठवावीत, आणि घरी पोहोचल्यावर तोच रोल, इतर काही वाजवण्याआधी, थेट बॅन्जोवर वाजवून पाहावा.