अंगावर पाजताना वेदनाशामक गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न
माझे सिझेरियन होऊन नऊ दिवस झाले आहेत. कुशीवर वळताना टाके इतके ओढतात की बाळाला उचलण्यापूर्वी क्षणभर श्वास रोखावा लागतो. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल नियमित घेण्यास सांगितले असून, दुखणे फारच वाढल्यास घेण्यासाठी आणखी एक गोळी दिली आहे. औषध दुधात उतरेल या धास्तीने मी गोळीनंतरचे दूध पिळून टाकते. हे योग्य आहे का?

प्रतिसाद १
दूध टाकून देण्याची गरज नाही. औषध दुधात उतरते हे खरे, पण किती उतरते हे पाहावे लागते. आयबुप्रोफेन रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहते, त्यामुळे वजनाच्या हिशेबाने आईला मिळणाऱ्या मात्रेच्या एक टक्काही बाळाच्या वाट्याला येत नाही. सर्वसाधारणपणे १० टक्क्यांखालचे प्रमाण चालण्यासारखे मानतात. पॅरासिटामॉल तर तान्ह्या बाळांना तापासाठी थेटच देतात आणि दुधावाटे जाणारे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते. उलट दुखणे अंगावर काढले की नीट बसता येत नाही, बाळाला छातीशी धरणे जमत नाही आणि पाजणेच कमी होते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, परंतु मला काळजी वाटते ती तिसऱ्या गोळीची. तिच्यात कोडीन किंवा ट्रामाडॉल (अफूसारखा परिणाम करणारी तीव्र वेदनाशामके) आहे का, ते पाहा. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते आणि काही स्त्रियांमध्ये हे रूपांतर जन्मतःच फार झपाट्याने होते, जे वरून ओळखता येत नाही. आईने घेतलेल्या कोडीनचे मॉर्फिन दुधावाटे जाऊन कॅनडातील टोरोंटोचे एक बाळ दगावले, या निष्कर्षावरून २००६ मध्ये मोठी चर्चा झाली; त्या निष्कर्षावर पुढे तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले, तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांना ही दोन्ही औषधे न घेण्याचा सल्ला दिला. अशी गोळी घेतली गेली असेल आणि बाळ चार घोट घेऊन गळून झोपत असेल, उठवूनही उठत नसेल किंवा श्वास संथ वाटत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रतिसाद ३
दुखण्यासाठी ॲस्पिरिनही टाळावे. पॅरासिटामॉल दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. अनेक गोळ्यांत ते मिसळलेले असते.

प्रश्नकर्ती
आपल्या सूचनेवरून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली. तिसऱ्या गोळीत ट्रामाडॉल तर होतेच, शिवाय पॅरासिटामॉलही होते. डॉक्टरांना दूरध्वनीवर सांगताच त्यांनी ती बंद केली. आज दूध टाकले नाही.