मदत हवी आहे: हिरड्याच्या अर्काचा झोन व्हॅनकोमायसिनपेक्षा मोठा आलाय, विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी,

एरवी इथे पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते ऐरोलीला, कॉलेज ठाण्यात. प्रोजेक्टचा विषय आहे औषधी वनस्पतींचे अर्क आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू. वनस्पती तीन घेतल्या. कडुनिंबाचा पाला आमच्याच सोसायटीतला, निर्गुडी मुरबाडला मामाच्या बांधावरची आणि हिरडा जांभळी नाक्याच्या बाजारातून, काष्ठौषधीच्या दुकानातला. खरं तर येऊरला जाऊन सगळं गोळा करायचा बेत होता. पण ते जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पानही तोडून आणायचं नाही, हे मॅडमनी वेळेत सांगितलं म्हणून वाचले.

हिरडा का, तर आजीमुळे. मुरबाडला कोणाला काही लागलं, चिघळलं की आजी हिरड्याच्या काढ्याने जखम धुते. मी प्रोजेक्टला तोच घेतलाय म्हटल्यापासून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, 'लागला का गं हिरड्याचा निकाल?'

केलं ते असं: सगळं सावलीत वाळवलं, मिक्सरमधून काढलं, तीन दिवस मिथेनॉलमध्ये भिजवलं, गाळलं, मिथेनॉल उडवलं. खाली जो चिकट गोळा राहिला तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १०० मिग्रॅ प्रति मिलीचा स्टॉक केला. म्युलर-हिंटन आगरवर (जिवाणू वाढवायची घट्ट जेली) जिवाणू पसरवले, ८ मिमीच्या वेल, म्हणजे खड्डे, पाडल्या, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर अर्क. जिवाणू दोन, एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे स्टॅफ) आणि ई. कोलाय. तुलनेला व्हॅनकोमायसिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क.

एमआरएसएवर हिरड्याचा झोन, म्हणजे भोवती जिवाणू न उगवलेलं वर्तुळ, १९ मिमी. व्हॅनकोमायसिनचा १७! कडुनिंब ११, निर्गुडी काहीच नाही. ई. कोलायवर हिरड्याचा जेमतेम १०, बाकी दोघांनी पाठ फिरवली.

मी आनंदात. मग एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी तीव्रता) काढायला ९६ वेलची प्लेट लावली आणि सगळं बिनसलं. हिरड्याचा अर्क ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्यात, पडताक्षणी ताकासारखा गढूळ झाला, जिवाणू घालायच्या आधीच. आता वाढीचा गढूळपणा कोणता आणि अर्काचा कोणता? म्हणून रेझाझुरिन हा रंग घातला. जिवंत जिवाणू असतील तिथे निळ्याचं गुलाबी होतं, तर माझ्या सगळ्या वेल गुलाबी, जिवाणू न घातलेलीसुद्धा. त्यात अर्क निर्जंतुक करायला सिरिंज फिल्टर लावला तर त्याची जाळीच विरघळली. मैत्रिणी अजून हसतायत.

मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी आलेले सर वनस्पतिशास्त्राचे, माणूस फार चांगला, पण प्लेट बघून म्हणतात, 'छान दिसतंय की.' रिपोर्ट तीन आठवड्यांनी द्यायचाय. हिरडा व्हॅनकोमायसिनपेक्षा भारी असं लिहू का? एमआयसीचं काय करू? आणि या वनस्पती त्याच आहेत याचा दाखला लागेल म्हणतात, तो कुठे मिळतो?

जुना लॅबवाला

पोरी, तसं लिहू नकोस. परीक्षक तिथेच पेन उघडेल.

हिशेब मांड. डिस्कमध्ये औषध ३० मायक्रोग्रॅम. तुझ्या वेलमध्ये १०० मिग्रॅ प्रति मिलीचे १०० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम. तीनशेपटीहून जास्त माल ओतून दोन मिलिमीटर पुढे गेलीस. शिवाय व्हॅनकोमायसिनचा रेणू आकाराने थोराड, आगरमध्ये हळूहळू सरकतो. त्याचा झोन चांगल्या जिवाणूवरही लहानच दिसतो. स्टॅफसाठी व्हॅनकोमायसिनच्या डिस्कवर विसंबायचंच नसतं, एमआयसी काढायची असते. तू शर्यतीला लंगडा घोडा घेतलास.

एकाच अर्काची आज-उद्याची तुलना करायलासुद्धा आगर ४ मिमी जाडीचंच हवं आणि जिवाणूंचं पाणी ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं ठरलेलं माप), म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी जिवाणू. हे डोळ्यांच्या अंदाजाने केलं असशील तर आधी ते कबूल कर.

आणि मुख्य प्रश्न: तो एमआरएसए आहे हे कशावरून?

ऐरोलीची (धागाकर्ती)

काका, मॅकफार्लंडच्या नळीशी ताडून घेतलं होतं. आगर मात्र अंदाजाने ओतलं, कबूल.

एमआरएसए कॉलेजच्या फ्रिजमधला. सीनियर्सनी स्लँटवरून स्लँटवर (नळीतल्या तिरप्या आगरवर) जपलाय, चार वर्षं तरी झाली असतील. नळीवर एमआरएसए असं लिहिलंय.

जुना लॅबवाला

नळीवर तर मीही काहीही लिहीन.

सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आण. ३५ अंशाला १६ ते १८ तास ठेव. ३७ ला नको, ३५ च्या वर गेलं की एमआरएसए निसटू शकतो. झोन २१ किंवा कमी आला तर एमआरएसए, २२ किंवा जास्त आला तर साधा स्टॅफ. मेथिसिलिनला दाद न देण्याचा गुण ज्या जनुकामुळे येतो ते जनुक साठवणीत गळून पडू शकतं. शिवाय चार वर्षांत किती हात लागले, कोणाच्या लूपने (जिवाणू उचलायच्या तारेने) काय मिसळलं, देव जाणे. आधी हे कर, मग हिरड्याचं बोलू.

खाडीपलीकडची

फिल्टरचं हसू नका हो, माझाही गेलाय एक! सेल्युलोजच्या जाळीला डीएमएसओ खातो. नायलॉनची ०.२२ मायक्रॉनची घे. आणि डीएमएसओचा स्टॉक फ्रिजमध्ये गोठला तर घाबरू नकोस, १८ अंशांच्या आसपासच घट्ट होतो. बाहेर काढून पूर्ण पातळ होऊ दे, मगच मोज. अर्धवट वितळलेल्यातून घेतलंस तर प्रमाण चुकेल.

ताकाचं कोडं: हिरडा म्हणजे टॅनिनचं कोठार. टॅनिन प्रथिनांना धरून खाली बसवतं, म्हणून तर कातडी कमवायला हिरडा वापरतात. तुझ्या ब्रॉथमधल्या प्रथिनांचं तेच झालं. आणि रेझाझुरिन रंग बदलतं ते क्षपणाने. जिवंत जिवाणू ते करतात तसं हिरड्यातले पॉलिफिनॉलही करू शकतात. त्यामुळे जिवाणूविना अर्क आणि ब्रॉथ अशी वेल प्रत्येक तीव्रतेला हवी. तू एक तरी ठेवली होतीस म्हणून चूक कळली, त्याबद्दल शाबासकी.

आता उपाय. रंग आणि गढूळपणा दोन्ही विसर. प्लेट नेहमीसारखी लाव, वेलमधले जिवाणू शेवटी मिलीला ५ लाख येतील असं बघ. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेलमधले १० मायक्रोलिटर साध्या आगरवर ठिपक्यासारखे टाक. उगवलं तर जिवंत, नाही उगवलं तर मेले. याला एमआयसी म्हणायचं नाही, ही मारक तीव्रता झाली. पण निदान खरं उत्तर आहे.

दोन कंट्रोल आणखी हवीत. नुसता डीएमएसओ, अर्कात जितका आहे तितकाच. आणि अर्क पाण्यात कालवून पीएच बघ. हिरडा आंबट असतो, कदाचित आम्लानेच जिवाणू मरत असतील. त्याच पीएचचं नुसतं आम्ल घातलेलं पाणी एका वेलमध्ये टाकून बघ.

ई. कोलायचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो, त्यातून वनस्पतीतले बरेच रेणू शिरतच नाहीत. शिरले तर पंप बाहेर फेकतात. आणि निर्गुडीचा झोन आला नाही म्हणजे ती निरुपयोगी असंही नाही. तेलकट रेणू पाणीदार आगरमध्ये पसरतच नाहीत, त्यांचा झोन कुठून येणार?

नौपाड्याचा वैद्य

ताई, तुमची आजी मिथेनॉलमध्ये भिजवते का? काढ्याने धुते ना? मग पाण्यातला अर्क का नाही केलात? तुम्ही तपासताय ते आजीचं औषधच नव्हे.

अर्क कशात आणि किती उष्णतेवर काढला यावर सगळं फिरतं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं ते मलेरियाच्या औषधासाठी, जिवाणूंचा त्यात संबंध नाही. पण अडचण हीच होती: उकळलं की गुण जायचा. जुन्या ग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय हे त्यांनी पाहिलं, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि तो लागू पडला. तुमच्याकडे उलटंही असू शकेल, काढाच भारी निघेल.

दुसरं, हिरडा कोणता? कोवळा, बी न धरलेला काळा बाळहिरडा वेगळा, पिकलेला मोठा सुरवारी हिरडा वेगळा. दुकानदार मागाल ते देतो, आणि काही न बोलता मागितलंत तर समोर असेल ते. रिपोर्टमध्ये नुसतं 'हिरडा' लिहिणं म्हणजे 'आंबा' लिहिण्यासारखं, कैरी की हापूस कळायला नको?

दाखल्यासाठी धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, मुंबई-ठाण्याची मुलं तिथेच जातात. वाळका पाला नेऊ नका. निर्गुडीची फुला-फळांसकट फांदी वर्तमानपत्रात दाबून न्या, कुठून, कधी तोडली ते लिहून.

दोन मुलांची आई

धागा वाचून लेकाने हट्ट धरलाय, शाळेच्या प्रदर्शनाला हेच करायचं. घरी जिलेटिनवर जिवाणू वाढवून हळद टाकून बघितली तर चालेल का?

जुना लॅबवाला

नाही. घरी काय उगवेल हे तुम्हाला कळणार नाही, आणि उगवलेलं टाकणार कुठे? लॅबमध्ये प्लेट टाकायच्या आधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करतात. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात ते जाता कामा नये. त्यापेक्षा दोन वाट्या दूध घ्या, एकीत हळद, एकीत नाही. कोणतं आधी नासतं ते तासातासाने लिहायला सांगा. वास येईल, पण तो घरातलाच.

ऐरोलीची (धागाकर्ती)

बारा दिवसांनी येतेय, माफ करा. मध्ये एकदा रात्री लॅबची लाईट गेली आणि पूर्ण खेप पुन्हा लावावी लागली.

काका, सेफॉक्सिटिनचा झोन २६ आला. तीन प्लेट लावल्या, २६, २५, २६. आमचा एमआरएसए एमआरएसए नाही. सरांना दाखवलं तर बराच वेळ पट्टी लावून बघत बसले. मग म्हणाले, या नळीवर याआधी चार प्रोजेक्ट झालेत. पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

हिरड्याचं सांगते. नुसत्या डीएमएसओचा झोन नाही. पाण्यात कालवून पीएच साडेतीनच्या आसपास, पण तेवढ्याच आंबट पाण्याचाही झोन नाही. म्हणजे नुसत्या आंबटपणाने झालेलं नाही. ठिपक्यांच्या प्लेटवर २.५ मिग्रॅ प्रति मिलीपर्यंत काही उगवलं नाही, १.२५ पासून खाली उगवलं. व्हॅनकोमायसिनच्या बाबतीत मिलीला २ मायक्रोग्रॅमपर्यंत एमआयसी आली तर स्टॅफ दाद देणारा धरतात. माझा आकडा मारक तीव्रतेचा, व्हॅनकोमायसिनचा वाढ थांबवण्याचा, त्यामुळे थेट तुलना नको. तरी अंतर हजारपटीहून जास्त. सुरुवातीला '१७!' लिहिलं होतं, त्यातलं उद्गारचिन्ह मी मागे घेते.

वैद्यबुवा, काढाही केला. आजीला विचारून, तिच्या मापाने, एक वाटी हिरड्याला आठ वाट्या पाणी, निम्मं उरेपर्यंत. झोन १६. मिग्रॅ किती ते आटवून मोजायचंय, म्हणून तुलना अजून करत नाही. हिरडा सुरवारी निघाला. आजीला साध्या स्टॅफचं सांगितलं तर तिला काही फरक पडला नाही, 'मग मरतो ना?' एवढंच विचारलं.

नवीन एमआरएसए चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहाकडून मागवायचं पत्र गेलंय, पण तो रिपोर्टच्या आधी येणं कठीण. त्यामुळे प्रोजेक्टच्या शीर्षकातून 'दाद न देणारे' काढलं आणि सेफॉक्सिटिनच्या तिन्ही प्लेटचे फोटो आत टाकले. सर म्हणाले, टाक. नळीवरची चिठ्ठी मी फाडली नाही, त्याखाली तारीख आणि २६ मिमी असं लिहून ठेवलं.

आता शेवटची मागणी. काढ्यासाठी आणि नव्या खेपेसाठी नायलॉनचे ०.२२ चे फिल्टर हवेत. दुकानात पूर्ण खोकंच घ्यावं लागतं, मला दोन पुरेत. कोणाकडे असतील तर ठाणे ते वाशी कुठल्याही स्टेशनला येऊन पैसे देऊन घेऊन जाईन. पाकीट मात्र फोडलेलं नको.

खाडीपलीकडची

रबाळे स्टेशन, तिकीट खिडकीपाशी, गुरुवारी संध्याकाळी सहा. चार देते, दोन फुकट जातीलच. पैसे नकोत, काढ्याचे आकडे इथे टाक.