मुंबई ते गोवा, 25 फुटी शिडाच्या बोटीतून: टप्पे कसे पाडावेत?

प्रश्न: शीडपाणी

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबईहून निघून गोव्याला जायचं ठरतंय. बोट 25 फुटी, फायबरची, खालची कील (तळाचा उभा पंख) धरून पाण्यात 1.2 मीटर बसते. मागे 9.9 हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन. आम्ही तिघे, तिघांनाही शीड हाताळता येतं, पण आतापर्यंतची मजल मांडवा आणि खांदेरीपर्यंतच. हाताशी नऊ दिवस आहेत. विचारायचं ते असं:

टप्पे कुठे पाडावेत आणि रात्री कुठे थांबावं? पेट्रोल, पाणी किती घ्यावं? नांगर आणि साखळीचं काय? आणि परत येताना याच बोटीने यावं का?

---

दर्यावाट

अंतर सुमारे 225 सागरी मैल धरा. तुमची बोट चांगल्या वाऱ्यात साडेपाच नॉट (तासाला साडेपाच सागरी मैल) धावेलही, पण आखणी 4 नॉटनेच करा. साडेपाचने आखलेली सफर पहिल्याच दिवशी अंधारात पोहोचते आणि अनोळखी खाडीत अंधारात शिरणं हा या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणून "किती वाजता निघायचं" हे शेवटी ठरवा. आधी ठरवा, दुपारी तीनच्या आत नांगर कुठे पडला पाहिजे, आणि तिथून उलटं मोजत या.

डिसेंबरात वारा घड्याळ लावल्यासारखा वागतो. मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा, सुटतो, पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. तो जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाट उठत नाही, वारा आडवा मिळतो आणि बोट सपाट पाण्यावर पळते. पुढे तास-दोन तास सगळं पडतं, तेव्हा इंजिन. बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा, म्हणजे समुद्रावरचा, वारा सुरू होतो, दुपारी 10 ते 15 नॉट, कधी त्याहून जास्त. दक्षिणेला जाताना तो मागून मिळतो. म्हणजे पहाटे तीन-चारला नांगर उचलायचा आणि खारा वारा जोरावर यायच्या आत किंवा त्याच्या पहिल्या दोन तासांत आसऱ्याला पोहोचायचं.

टप्पे असे:

मुंबई ते दिघी, 44 मैल. कुलाब्याच्या टोकाला असलेल्या प्रॉन्ग्ज दीपस्तंभाच्या बाहेरून, खांदेरीच्या पश्चिमेने जा. खांदेरी आणि थळच्या मधला रस्ता जवळचा दिसतो, पण तिथे खडक आहेत. चौलसमोरचा चौल-कडू खडकही किनाऱ्याच्या बाजूला ठेवा, त्याच्या आतून जायचा मोह नको. जंजिऱ्याला वळसा घालून राजपुरी खाडीत शिरा, दिघी-आगरदांडा फेरीची वाट सोडून नांगर टाका. पहाटे तीनला निघालात तर दुपारी दोन.

दिघी ते हर्णै, 30 मैल. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला रात्र निघते, पण लाट आत येते, बोट डुलत राहते आणि मासेमारी नौकांची गर्दी असते. नऊ दिवसांतली ही सगळ्यात वाईट झोप, हे धरूनच चाला.

हर्णै ते जयगड, 33 मैल. शास्त्री नदीच्या मुखाशी, दक्षिणेच्या अंगाला किल्ला. बंदरात मोठी जहाजं येतात-जातात, त्यांच्या वाटेबाहेरून आत या, किल्ल्याच्या पुढे सरका. आसरा उत्तम. राखीव दिवसांपैकी एक इथे खर्च करा, टाक्या भरा, बोट पुन्हा तपासा.

जयगड ते विजयदुर्ग, 47 मैल. सफरीतला सगळ्यात लांब दिवस, मध्यरात्री निघा. मध्ये रत्नागिरी आहे, बिघाड झाला किंवा वेळ चुकली तर तिकडे वळा. विजयदुर्गला किल्ल्याच्या उत्तरेकडून वाघोटनच्या खाडीत शिरायचं. या किनाऱ्यावर यापेक्षा चांगला आसरा नाही.

विजयदुर्ग ते मालवण, 31 मैल. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडप आहे. ऊन डोक्यावर असतानाच आत या, कारण तिरप्या उन्हात पाण्यातला खडक दिसत नाही. स्थानिक होडीवाला पुढे घेता आला तर उत्तमच. नऊपर्यंत देवगड ओलांडलं नसेल तर मालवणचा नाद सोडा आणि देवगडातच थांबा.

मालवण ते आग्वाद, 37 मैल. वेंगुर्ल्याचे खडक, तो दीपस्तंभ असलेला बर्न्ट आयलंडचा पुंजका, किनाऱ्यापासून बराच बाहेर आहे. त्याच्या पश्चिमेने जा. पहाटे पाचला निघालात तर ही जागा उजेडात येईल, रात्री त्या बाजूला फिरकू नका. आग्वादच्या उपसागरात नांगर टाका आणि पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात कळवा.

सहा दिवस चालायचं, तीन दिवस राखीव. राखीव दिवस आधीच फिरण्यात घालवू नका.

---

नांगरधर

वर टप्पे नेमके दिले आहेत, म्हणून फक्त नांगर आणि भरतीबद्दल.

25 फुटाला 10 किलोचा नांगराच्या फाळासारखा किंवा ब्रूस पद्धतीचा नांगर, 8 मिलिमीटरची 20 मीटर साखळी आणि तिला 14 मिलिमीटरचा 40 मीटर नायलॉन दोर. होड्यांवर दिसतो तो चार आकड्यांचा नांगर खडपात धरतो. आपल्या खाड्यांच्या मऊ चिखलात तो नुसता नांगरट करत जातो. तो दुसरा नांगर म्हणून ठेवा.

दोर किती सोडायचा याचा हिशेब लोक साउंडरवरच्या (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्रावरच्या) आकड्याने करतात आणि तिथेच चुकतात. ओहोटी संपताना पोहोचलात, पाणी 3 मीटर. रात्री भरती अडीच मीटर चढणार. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्याच्या वर 1 मीटर. एकूण 6.5 मीटर. साखळी आणि दोर मिळून याच्या सहापट, म्हणजे 39, सोडा 40. तीन मीटरच्या हिशेबाने 18 सोडलेत तर मध्यरात्री भरती भरल्यावर नांगर सुटेल, तेही सगळे झोपलेले असताना.

उलटी चूकही तितकीच महाग. भरतीला पोहोचलात, पाणी 4 मीटर, पुरेसं वाटलं. अडीच मीटर उतरल्यावर उरलं दीड. बोट 1.2 बसते, खाली 30 सेंटिमीटर. फेरीबोटीची एक लाट आली की कील आपटते. साउंडरचा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा आहे की त्याच्या डोळ्यापासूनचा, हेही घरून निघायच्या आधी काठीने मापून बघा.

नांगर टाकल्यावर इंजिन मागे घालून, हळूहळू वाढवत, निम्म्या वेगापर्यंत ताण द्या. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, एक माड आणि त्यामागचा मोबाइल टॉवर असं काहीही. अर्ध्या मिनिटात ती रेष हलली नाही तर नांगर बसला.

भरतीची वेळ तक्त्यातून घ्याच, पण पडताळ्याला जुना हिशेब डोक्यात असू द्या: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. हा मुंबईचा अंदाज. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि चढ-उतारही कमी होत जातो, मुंबईला उधाणात चारेक मीटर असेल तर गोव्याला दोनेक. पौर्णिमा-अमावास्येजवळ खाड्यांच्या मुखाशी ओढ जोरात असते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत निवांत.

बाणकोट, दाभोळ, पूर्णगड, तेरेखोल या मुखांवर वाळूचे दांडे आहेत आणि ते दरवर्षी सरकतात. तुमच्या वाटेवर ती नाहीत ते बरंच आहे. नाइलाजाने शिरावं लागलंच तर भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. दुपारच्या ओहोटीत कधीच नाही. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात, लाट आखूड आणि उभी होते आणि दांड्यावरच फुटते. बाहेरून बघताना ती पाठमोरी असते, म्हणून निरुपद्रवी दिसते.

---

खलाशी_रायगड

इंजिन, पेट्रोल आणि जाळी.

225 मैलांपैकी 60 टक्के इंजिनवर जातील असं धरा, 135 मैल. साडेचार नॉटने 30 तास. 9.9 चं आउटबोर्ड मध्यम गतीला तासाला सुमारे 3 लिटर पितं. 90 लिटर, वर एक तृतीयांश राखीव, एकूण 120. सगळं एकदम घेऊ नका. 60 घ्या आणि जयगडला भरा. सुट्या डब्यात पेट्रोल द्यायला पंपावर कां-कू होते, बोटीच्या कागदांची प्रत जवळ ठेवा. डबे केबिनमध्ये कधीही नकोत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीने पेटते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच, चहा झाला की सिलिंडरचा कॉक बंद.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि लाटेत ढवळलं गेलं की इंजिन नेमकं खाडीच्या मुखाशी गचके खातं. टाकी आणि इंजिनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, रोज सकाळी त्याची वाटी उतरवून बघा. खाली थेंब वेगळा दिसला की ओतून द्या. महिनाभर पडून असलेलं पेट्रोल या सफरीत वापरू नका.

सोबत: पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र), दोन प्लग, पंख्याचा (प्रोपेलरचा) नट आणि पिन, दाबायच्या फुग्यासकट पेट्रोलची नळी, सुरू करायची दोरी. इंजिनमागून पाण्याची धार येते का, ते दर अर्ध्या तासाने कुणीतरी बघायचं. मुंबईतून बाहेर पडताना प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसते आणि दोन मिनिटांत इंजिन तापतं.

आता जाळी. मुरुड ते हर्णै डोल जाळ्यांचे (खुंटांना बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि बोये, पुढे तरती जाळी. दिवसा झेंडे दिसतात, दोन झेंड्यांच्या मधून जाऊ नका, टोकाला वळसा घाला. मतलईत पहाटे निघता तेव्हा एक माणूस नाळेवर, हातात विजेरी. पंख्यात जाळं आलंच तर लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. उलटा गिअर टाकून सोडवायला गेलात की दोर आणखी आवळतो. आउटबोर्ड वर उचला, दातेरी सुरी काठीला बांधून फक्त अडकलेला पदर कापा आणि तोंडं पुन्हा गाठ मारून सोडा. ते जाळं कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचं असतं. जवळ होडी असेल तर हाक मारा, तांडेल (होडीचा प्रमुख) आपणहून मदतीला येतो.

वीज: ऑटोपायलट 24, प्लॉटर (नकाशाचा पडदा) 10, व्हीएचएफ (सागरी रेडिओ) 10, दिवे 4, मोबाइल 4, दिवसाला साधारण 50 अँपिअर-तास. 100 ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे एका दिवसात संपली. 100 वॉटचं सोलर दिवसाला 25-30 देतं. तेव्हा एकतर सोलर दुप्पट करा, नाहीतर निम्मा वेळ सुकाणू हाताने धरा.

---

सागरिका_म

दोन-तीन गोष्टी राहिल्या.

पाणी माणशी दिवसाला 4 लिटर. तिघांना नऊ दिवसांचे 108 होतात. 20 लिटरचे चार कॅन भरून निघा आणि मध्ये भरत जा. एकाच टाकीत ठेवू नका, एक फुटला तरी तीन उरतात. उलटीची गोळी निघायच्या आदल्या रात्री घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर ती पोटात राहतच नाही. पहिल्या दिवसाला दशम्या, कोरडी चटणी, केळी. शिजवायचं तर कुकरमध्ये खिचडी, झाकण बंद असल्यामुळे बोट कलली तरी सांडत नाही.

मागून वारा घेताना बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, पुढच्या बाजूला दोर बांधा. लाटेने बोट फिरली की शीड धाडकन पलटतं आणि बूम डोक्याच्या उंचीवरून फिरतं. खाऱ्या वाऱ्यात दोन वाजता रीफ घालायचा, म्हणजे शीड लहान करायचा, विचार मनात आला, की तेव्हाच घाला. मागून वारा असताना त्याचा जोर अंगाला लागत नाही, तो कळतो बोट वाऱ्याकडे वळवल्यावर. रात्री डेकवर जॅकेट आणि बोटीला अडकवलेला पट्टा, तिघांनाही, अपवाद नको.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय बाळगू नका, भारतात तो गुन्हा आहे. पर्याय म्हणून व्हीएचएफ चॅनल 16, तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. निघण्यापूर्वी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्याला आणि सागरी पोलीस ठाण्याला माणसांची यादी आणि टप्पे लेखी द्या. अनोळखी बोट तपासली जातेच, कागद एका जलरोधक पिशवीत हाताशी ठेवा.

हवामान: हवामान खात्याचं सागरी पत्रक आणि इन्कॉइस या सरकारी सागरी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आलं आणि ओखी डिसेंबर 2017 च्या सुरुवातीला, त्यामुळे डिसेंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असा शब्द दिसला की असाल त्या खाडीत आणखी आत सरका.

---

शीडपाणी

सगळ्यांचे आभार. जयगडला दोन रात्री धरतो, सोलर वाढवतो. परतीचं कुणीच लिहिलं नाही?

---

दर्यावाट

कारण उत्तर नावडतं आहे. परत येताना खारा वारा थेट तोंडावर असतो. बोट गोते खाते, आउटबोर्डचा पंखा लाटेत वर येतो आणि इंजिन मोकळं किंचाळतं. रात्री एक ते सकाळी नऊ मतलईत किनारा धरून चालायचं, बाराच्या आत थांबायचं, दिवसाला 25 मैल. जायला सहा दिवस लागले तर यायला दहा-बारा. तुमच्याकडे ते नाहीत. बोट गोव्यात ठेवा नाहीतर डोलकाठी उतरवून ट्रकने आणा, आणि क्रेनची, जागेची चौकशी निघण्याआधी करून ठेवा. नाताळात तिथे जागा मिळत नाही.