मदत हवी आहे: संग्रहालयातली आर्टिस्ट रेसिडेन्सी, गोधडी, सोमवारपर्यंत

वाकळ
मंडळी, घाईत लिहितेय. एका संग्रहालयाच्या आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी (ठरावीक काळ तिथे निवासी कलाकार म्हणून काम करायचं) अर्ज करतेय, विषय स्थलांतरितांचे अनुभव. माझं काम जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांचं. फोटो, आधीच्या प्रदर्शनांची माहिती, शिफारसपत्रं सगळं तयार आहे. एकाच प्रश्नावर गाडी अडली आहे: 'संग्रहालयात येणाऱ्यांना आणि आसपासच्या वस्तीला तुमच्या कामात कसं सामील करून घ्याल?' ५०० शब्द. काहीही लिहिलं तरी 'या, बसा, चार टाके घाला' असंच होतंय. कुणी असा अर्ज केला असेल किंवा निवड समितीवर बसलं असेल तर सांगा, तिथे नक्की काय बघतात? सोमवारी रात्री मुदत संपते.

पाणपोई
कुठलं संग्रहालय? कुठला देश? कॅनडात हॅलिफॅक्सचं पिअर २१ म्हणजे बोटीतून उतरलेल्या माणसांची जागा, १९२८ ते १९७१ चालू होती. मेलबर्नचं इमिग्रेशन म्युझियम जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. मॉरिशसला आप्रवासी घाट, तिथे तर आपल्या कोकणातून गेलेल्या गिरमिटियांचा, म्हणजे करारबद्ध मजुरांचा, इतिहास आहे. जागेनुसार उत्तर बदलेल.

वाकळ
न्यूयॉर्क. निवड व्हायची आहे म्हणून नाव इथे लिहीत नाही. वस्ती लोअर ईस्ट साइडच्या बाजूची, मॅनहॅटनमधली स्थलांतरितांची जुनी वस्ती. मी न्यू जर्सीत राहते.

एडिसनकर
व्हिसा कोणता? रेसिडेन्सीत मानधन आहे का?

वाकळ
मानधन आहे. व्हिसाबद्दल मी विचारलेलंच नाही, प्रश्न लिखाणाचा आहे.

एडिसनकर
ताई, रागावू नका. आमच्या ओळखीतल्या एका तबलावादकाचं असंच झालं, निवड झाली आणि मग नकार कळवावा लागला. एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असेल आणि ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर मानधन घेता येत नाही. 'पैसे नकोत, फुकट करते' म्हणूनही सुटका नाही. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट केलं तरी परवान्याविना केलेलं काम धरलं जाऊ शकतं. म्हणून विचारलं.

सातासमुद्रापार
इतकं घाबरवू नका हो. मानधनासाठी ९-५-६ चा नियम आहे. एका ठिकाणी जास्तीत जास्त ९ दिवस, ६ महिन्यांत ५ संस्था. माझ्या मामेभावाने त्याच नियमाखाली व्याख्यानं दिली.

एडिसनकर
तो बी व्हिसावर थोड्या दिवसांसाठी आलेल्यांसाठी आहे, आणि तोही विद्यापीठं आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधनसंस्थांपुरता. एच-४ ला लागू नाही. तुमच्या मामेभावाचं प्रकरण वेगळं. अर्धवट माहिती देऊ नका, लोक त्यावर विसंबतात.

सातासमुद्रापार
मग ओ-१ घ्या. असामान्य कामगिरी असलेल्यांचा व्हिसा, कलाकारांनाही मिळतो तो.

एडिसनकर
त्याला अमेरिकेतली संस्था किंवा एजंट अर्जदार म्हणून लागतो, कागदपत्रांचा गठ्ठा लागतो. सोमवारपर्यंत?

वाकळ
थांबा. एच-४ आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय, ईएडीचा अर्ज गेलाय, हातात आलेलं नाही. रेसिडेन्सी पुढच्या वर्षी आहे. आता कृपया मूळ प्रश्नाकडे या.

एडिसनकर
हे आधी सांगितलं असतं तर! आय-१४० मंजूर असलेल्यांच्या जोडीदारांना २०१५ पासून ईएडी मिळतं. मग अर्ज बिनधास्त करा. ईएडी हातात येईपर्यंत करारावर सही करू नका आणि काम सुरू करू नका. वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या.

ओटीवरून
विषय तुमच्या दारातच आहे, आनंदीबाई जोशी! १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, न्यू जर्सीत रोझेल इथे कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. रक्षा न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. त्यांच्या आयुष्यावर गोधडी करा. परीक्षकांना गोष्ट लागते आणि ही गोष्ट कुणाकडे नाही.

रंगारी
आनंदीबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. त्या शिकायला आल्या आणि परत गेल्या. मराठी माणसाला काहीही विचारा, उत्तर आनंदीबाईंवर येऊन थांबतं. संग्रहालयाने विचारलंय, आसपासच्या वस्तीचं काय? पोकीप्सीची दफनभूमी त्याचं उत्तर कसं होईल?

ओटीवरून
तिथल्या लोकांना सांगायला आपल्याकडे काहीतरी हवं ना. परक्या वस्तीत आपला इतिहास घेऊन जाणं यात काय चूक?

रंगारी
चूक नाही, पण ते व्याख्यान झालं. वाकळताई, दोन उदाहरणं बघा. तानिया ब्रुगेरा या क्यूबन कलाकार. २०११ मध्ये क्वीन्स म्युझियम आणि क्रिएटिव्ह टाइम ही कलासंस्था यांच्याबरोबर त्यांनी क्वीन्समधल्या कोरोना भागात एका दुकानवजा जागेत 'इमिग्रंट मूव्हमेंट इंटरनॅशनल' सुरू केलं. तिथे इंग्रजीचे वर्ग, कायद्याचा सल्ला, मुलांसाठी कार्यक्रम होते. भिंतीवर टांगायचं चित्र नव्हतं. दुसऱ्या मिअर्ल लेडरमन उकेलेस. १९७७ पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या निवासी कलाकार, पगार नाही. १९७९-८० मध्ये साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेकाला भेटून हस्तांदोलन केलं, आभार मानले. दोघींनी लोकांना 'सामील' केलं नाही, स्वतः लोकांच्या कामात गेल्या. तुमच्या मसुद्यात लोक तुमच्याकडे येतायत, म्हणून तो जाहिरातीसारखा वाटतो.

सुईदोरा
गोधडीबद्दल बोलतोय तर उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या गोधड्या बघा, कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज ते. कडेकडून शिवत मध्यावर येतात, आपल्यापेक्षा पद्धत वेगळी. स्थलांतराचा विषय असेल तर याहून योग्य उदाहरण सापडणार नाही.

नाशिकची
कुणी गोधड्या शिवून देतं का? आईच्या नऊवारींची करून घ्यायची आहे, साधारण किती घेतात?

वाकळ
नाशिकची, मला व्यनि (खासगी निरोप) करा, इथे नको. सिद्दी गोधड्या माहीत आहेत, पण त्या माझ्या नाहीत, अर्जात वापरणं बरोबर होणार नाही. रंगारी, हे उपयोगाचं आहे. पण सफाई कामगारांसारखे 'माझे' लोक कोण?

दालनातून
मी एका संग्रहालयात वस्त्रांच्या जतनाचं काम करते. विचारलं नाहीत तरी सांगते, कारण अर्ज इथेच अडतात. जुनी लुगडी माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून थेट दालनात नेता येत नाहीत. कसर असते, तिची अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत. कापड प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांखाली आठवडाभर किंवा जास्त ठेवावं लागतं. आमचं फ्रीझरचं कपाट त्यासाठीच आहे, पण ते रिकामं असतंच असं नाही. वेळापत्रकात हे दिवस धरा. समितीवर जतनवाली एक तरी व्यक्ती असते, तिला कळेल की तुम्हाला काम माहीत आहे.

दुसरं, लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करणार असाल तर संमतीपत्र हवं, आणि नाव न देता सहभागी होण्याची सोय हवी. अशा ठिकाणी कागदपत्रं नसलेली माणसंही येतात. त्यांच्या बोटाला सुई टोचेल याची काळजी घेण्याआधी त्यांचं नाव कुठे छापून येणार नाही याची काळजी घ्या.

आणि 'माझे लोक कोण' याचं उत्तर त्या वस्तीतच आहे. टेनेमेंट म्युझियम पाहिलंय का? ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ नंबरची इमारत, १८६३ ची. १९३५ मध्ये मालकाने भाडेकरू काढले तोवर सुमारे ७ हजार माणसं तिथे राहून गेली. हॅरिस आणि जेनी लेव्हिन यांचं बिऱ्हाड त्यातच. १८९० च्या दशकात पुढच्या खोलीत त्यांचा कपडे शिवायचा धंदा, मागे संसार. ती खोली आज बघता येते. शेजारच्या १०३ मध्ये वाँग कुटुंबाची आई चायनाटाउनच्या शिलाई कारखान्यात कामाला जायची. आणि २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीच्या आगीत १४६ कामगार गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. तुम्ही सुई घेऊन तिथे जाताय आणि लुगड्यांपासून सुरुवात करताय. सुईपासून करा.

रंगारी
दालनातून +१. लुगड्याचं कौतुक करून लोक निघून जातात.

ओटीवरून
म्हणजे आपलं काहीच न्यायचं नाही का तिथे?

दालनातून
न्यायचं ना. गोधडी घरासाठी शिवली जायची, दुपारचं काम उरकल्यावर, तिचे पैसे कुणी दिले नाहीत. लेव्हिनांच्या खोलीत तीच सुई पोटासाठी चालायची. या दोन शिलाया समोरासमोर ठेवल्या की वस्तीतल्या बाईला बोलायला जागा मिळते. तिने दोन्ही केलेल्या असतात.

वाकळ
मघाशी व्हिसावर चिडले, पण आता तेच डोक्यात फिरतंय. मी इथे आल्यापासून शिवतेय आणि कायद्याने शिवणाचे पैसे घेऊ शकत नाही. माझी आजी फुकट शिवायची तिला कुणी विचारलंच नाही, मला विचारलं तरी मी हो म्हणू शकत नाही. हे अर्जात लिहू का?

एडिसनकर
माझं मत, नको. व्हिसाची स्थिती अर्जाच्या निबंधात कशाला? त्यांना उगाच शंका येईल.

रंगारी
माझं मत, तेच लिहा. त्या संग्रहालयाचा विषयच हा आहे. एक बाई 'कामाचा परवाना प्रलंबित' म्हणते आणि तिच्या हातात सुई आहे, याहून थेट काय असेल?

दालनातून
दोघांचंही ठेवता येईल. तांत्रिक रकान्यात 'कामाचा परवाना प्रलंबित, रेसिडेन्सीआधी अपेक्षित' एवढंच. निबंधात अनुभव, व्हिसाचा क्रमांक-प्रकार नको.

वाकळ
हे बघा, आत्ता लिहिलं. इंग्रजीत करायचं आहे:

"माझ्या आजीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आणि त्याला काम म्हटलं नाही. या वस्तीत बायकांनी नगावर मजुरी घेऊन शिवलं. मी शिवते आणि मला अजून मजुरी घेण्याचा परवाना नाही. सहा आठवडे मी परिसरातल्या शिलाई करणाऱ्या, केलेल्या बायकांकडे जाईन. प्रत्येकीकडून एक टाका मागेन, जो तिने पैशांसाठी घातला, आणि एक, जो घरासाठी घातला. दोन्ही एकाच गोधडीवर येतील, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. त्यांच्या वेळेचा मोबदला माझ्या साहित्याच्या अंदाजपत्रकातून दिला जाईल. नाव द्यायचं की नाही ते त्या ठरवतील. शनिवारी दालनात प्रेक्षकांसमोर गोधडी उलटी करून दाखवली जाईल."

दालनातून
उलटी करून दाखवणं फार छान. बायकांचा मोबदला वेगळ्या ओळीत दाखवा, साहित्यात लपवू नका, समिती तेच शोधते. भाषा कोणती? चिनी, स्पॅनिश दुभाषी लागतील, त्याचेही पैसे धरा.

रंगारी
'आयुष्यभर' काढा. बाकी हात लावू नका.

सातासमुद्रापार
बायकांना रोख देणार की चेक? कागदपत्रं नसतील तर चेक वटवायचा कुठे? गिफ्ट कार्ड चालतं का ते संग्रहालयाला विचारा.

वाकळ
चांगला प्रश्न, सकाळी मेल करते. एडिसनकर, वकिलाचं नाव व्यनि करा प्लीज. आता अंदाजपत्रक करायला घेते.