मदत हवी आहे: हिफेस्टसच्या बायकोच्या रकान्यात कुणाला ठेवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरची काही मित्रमंडळी मराठी विकिपीडियावर ग्रीक देवांचे लेख वाढवतोय, सगळे हौशी, ग्रीक कुणालाच येत नाही. झ्यूस, अथीना कसेबसे निभावले पण हिफेस्टसवर गाडी अडलीये. तोच तो लोहारकाम करणारा लंगडा देव, अकिलीसची ढाल घडवणारा.

एकाने लिहिलं की त्याला झ्यूसने ऑलिंपसवरून फेकलं, दिवसभर पडत पडत सूर्यास्ताला लेम्नॉस बेटावर आदळला. दुसरीने ते उडवून लिहिलं की फेकलं ते आईने, हेराने, पोरगं लंगडं म्हणून, आणि थेटिस नि युरिनोमी या समुद्रदेवींनी नऊ वर्षं लपवून सांभाळलं. मग याने तिचं उलटवलं, तिने याचं, पानाचा इतिहास बघाल तर नुसती कुस्ती चाललीये. आणि गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी होमरच्या इलियड महाकाव्यातल्याच, एक पहिल्या सर्गात, दुसरी अठराव्यात, आणि सांगणारा दोन्हीकडे खुद्द हिफेस्टस! आता बोला.

बायकोचं तर विचारूच नका. इलियडमध्ये खारिस, होमरच्याच ओडिसीत अफ्रोडाइटी (प्रियकरासोबत त्याने तिला जाळ्यात पकडल्याची भानगड), कवी हेसिअडच्या थिऑगनी काव्यात अग्लाया. माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तक्त्यात) रकाना एकच. आमच्यातला एक म्हणतो फेमस ती ठेव आणि मोकळा हो, मला काही पटत नाहीये.

शिवाय संदर्भ कुठला द्यायचा? बटलरचं १८९८ चं इंग्रजी इलियड नेटवर फुकट आहे पण त्यात नावं सगळी रोमन, हिफेस्टसचा वल्कन. चालेल का?

प्रतिसाद १:
अहो खरं कोणतं हे ठरवायचंच कशाला? आपल्याकडे कार्तिकेय ब्रह्मचारी, तमिळनाडूत वल्ली-देवसेनेचा नवरा, आपण त्यातलं एक खोडतो का. "इलियडच्या पहिल्या सर्गानुसार" असं वाक्यातच घाला नि दोन्ही कथा ठेवा. चौकटीत तिन्ही बायका, प्रत्येकीपुढे ग्रंथाचं नाव. आणि ती उलटवाउलटवी आधी थांबवा, चर्चा पानावर भांडा हवं तेवढं, नाहीतर प्रचालक पानाला कुलूप लावतील.

प्रतिसाद २:
बटलरऐवजी ए. टी. मरेचं १९२४ चं बघा, त्यात नावं ग्रीकच आहेत. संदर्भात पान नंबर नको, सर्ग आणि ओळी द्या: १.५९०-५९४ आणि १८.३९४-४०५. मग कुणाकडे कुठलंही भाषांतर असो, जागा सापडते.

धागाकर्ता:
वा, सर्ग-ओळीचं बेस्ट. धन्यवाद दोघांनाही. आता वडिलांचा रकाना, होमरकडे झ्यूस, हेसिअडकडे हेराने एकटीनेच जन्म दिला म्हणे. तिथेही हेच करायचं ना?