अडतं ते दर आणि कालावधीच्या मेळावर
अकाउंटिंगच्या पदवीला फायनान्स जोडलं तर गणित झेपेल का, असा प्रश्न अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना पडतो; त्यावर थोडं. कॅल्क्युलसचा बाऊ नको; घातांक, जुजबी लॉगॅरिदम आणि संख्याशास्त्र यांवर पदवीपुरतं बहुतेक भागतं. गाडी अडते ती दर आणि कालावधीचा मेळ घालताना. १० लाखांचं कर्ज, ९%, २० वर्षं: मासिक दर ०.७५%, हप्ते २४०, ईएमआय ८,९९७ रुपये. दर मासिक घेऊन कालावधी २०च ठेवला, की उत्तर ५४,००० च्या घरात! पहिल्या हप्त्यात व्याज ७,५००, मुद्दल १,४९७. याची जर्नल एन्ट्री (हिशेबवहीतली नोंद) तर अकाउंटिंग शिकलेल्या तुम्हाला येतेच. एक्सेलमधलं एनपीव्ही (पुढे येणाऱ्या रकमांचं आजचं निव्वळ मूल्य काढणारं सूत्र) मात्र फसवं. ते पहिली रक्कमही पहिल्या कालावधीच्या अखेरची धरतं, म्हणून सुरुवातीची गुंतवणूक सूत्राबाहेर ठेवून वजा करा.